घशातले हाड काय सांगते?



धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या गावात कोणी अचानक मृत आढळले, की शवविच्छेदनाआधीच पारावर निकाल लागतो : "घातपातच असणार!" मग निरपराध माणसाकडेही बोटे वळतात. असाच निकाल एकदा साऱ्या जगाने दिला होता. त्याची ही हकिकत.

बॉब वूल्मर हे इंग्लंडचे निवृत्त क्रिकेटपटू. जन्म १९४८ साली आपल्या कानपूरचा. १९ कसोटी सामने खेळून ते पुढे प्रशिक्षक झाले. २००७ च्या विश्वचषक स्पर्धेत ते पाकिस्तान संघाबरोबर होते. १७ मार्चला जमैकात हा संघ आयर्लंडकडून हरला. दुसऱ्या दिवशी सकाळी वूल्मर किंग्स्टनच्या हॉटेलातील खोलीत बेशुद्ध आढळले आणि त्यांचा मृत्यू झाला. २२ मार्चला पोलिसांनी जाहीर केले, की गळा दाबून त्यांचा खून झाला! खेळाडूंच्या बोटांचे ठसे घेण्यात आले.

या निष्कर्षात एका लहानशा हाडाला फार महत्त्व आले. हनुवटीखाली, कंठमण्याच्या किंचित वर एक बोट हलकेच टेकवा व आवंढा गिळा. काही वर सरकल्यासारखे वाटते ना? तेथेच घोड्याच्या नालासारखे कंठिकास्थी, म्हणजे हायॉइड हाड असते. ते दुसऱ्या कोणत्याही हाडाला सांध्याने जोडलेले नसते. स्नायू व अस्थिबंध यांनी ते तोललेले असते. गळा आवळल्यास ते मोडू शकते. मात्र प्रत्येक वेळी मोडतेच असे नाही. उलट, त्याची दोन शिंगे मधल्या भागाला कूर्चेने जोडलेली असतात. हा जोड काही प्रौढांतही हाडासारखा पक्का होत नाही. नुसत्या बोटांनी चाचपले, तर तेथे हाड मोडल्याचा भास होऊ शकतो.

म्हणून पुन्हा तपासणी झाली. क्ष-किरण चित्रात वूल्मर यांचे हाड अखंड दिसले. ब्रिटन, कॅनडा व दक्षिण आफ्रिका येथील तज्ज्ञांनी पुरावा पाहिला. १२ जून रोजी पोलिसांनी मृत्यू नैसर्गिक असल्याचे जाहीर केले.

विषाचे काय? नोव्हेंबरमधील न्यायालयीन चौकशीत एका नमुन्यात सायपरमेथ्रिन सापडल्याची साक्ष झाली. हे तुमच्या ओळखीचे पिकांवर फवारायचे कीटकनाशक! परंतु नमुना दूषित झाला असावा, अशीही शक्यता पुढे आली. पहिले डॉक्टर आपल्या मतावर ठाम राहिले. शेवटी ज्यूरीने 'खुला' निर्णय दिला. म्हणजे खून झाला असे नाही, आणि झालाच नाही असेही नाही. पुरावा निश्चित निर्णयास अपुरा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

"व्हिसेरा राखून ठेवला" असे वर्तमानपत्रात वाचता तेव्हा हे आठवा. अहवाल येईपर्यंत कोणालाही गुन्हेगार ठरवू नये. विज्ञानात "अजून ठरलेले नाही" हेही प्रामाणिक उत्तर असते.

आता वहीत दोन रकाने आखा : 'निरीक्षण' व 'अनुमान'. पुढील विधाने योग्य रकान्यात लिहा :

१. खोलीत माणूस बेशुद्ध आढळला.
२. त्याचा गळा दाबला गेला.
३. क्ष-किरण चित्रात हाड अखंड दिसते.
४. नमुना गोळा करताना दूषित झाला.

प्रत्येक अनुमानापुढे, ते तपासण्यासाठी आणखी काय पाहावे लागेल, तेही लिहा आणि वर्गात चर्चा करा.