खान्देशच्या उन्हात बाशिंग नेचा

नेचा म्हटलं की आंबोलीचं धुकं आठवतं. जळगाव-धुळ्यात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, तिथे नाजूक नेचे तग धरत नाहीत. बाशिंग मात्र धरतं. शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया. सह्याद्रीत ते झाडांच्या फांद्यांवर आणि कातळावर वाढतं. झाडाचा आधार घेतं, पण त्याचा रस शोषत नाही. कोरड्या महिन्यांत हिरवी पानं गाळून ते विसावतं आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतं. आपल्या हवामानाशी त्याचा हा क्रम जुळतो. तो मोडू दिला नाही, की निम्मं काम झालं.

लावण्याआधी त्याची पानं ओळखा. ती दोन प्रकारची असतात. लांब, खोल कापलेली हिरवी पानं अन्न तयार करतात. खोडाला चिकटलेली आखूड, देठ नसलेली पानं लवकरच तपकिरी, कागदी होतात. ती वाळलेली असली, तरी निरुपयोगी नसतात. पडणारा पाचोळा आणि धूळ त्यांत साठते, कुजते आणि तेच या नेच्याचं खत. ही पानं कधीही कापू नका.

साहित्य

- बाशिंगाच्या आडव्या खोडाचा 10 ते 15 सेंटिमीटरचा तुकडा, वाढतं टोक शाबूत असलेला
- 25-30 सेंटिमीटरची तारेची टोपली किंवा खडबडीत सालीचा ओंडका
- नारळाच्या सोडणाचे तुकडे 2 भाग, विटांचे तुकडे 1 भाग, लाकडी कोळसा 1 भाग
- सुतळी, 50 टक्के सावलीचं शेडनेट

रोप रोपवाटिकेतून किंवा ज्यांच्याकडे वाढलेलं आहे त्यांच्याकडून घ्या. यावल, अनेर धरण, गौताळा ही अभयारण्यं आहेत. तिथून वनस्पती उचलून आणण्यास कायद्याने मनाई आहे.

कृती

1. पाऊस नीट लागल्यावर, जूनअखेर ते जुलैत लावा. हवा दमट असते, मुळं लवकर धरतात.

2. सोडणाचे तुकडे रात्रभर पाण्यात भिजवून निथळून घ्या. विटा आणि कोळसा मिसळून टोपली भरा. आपली काळी माती यात चिमूटभरही नको. ती पाणी धरून ठेवते आणि खोड कुजतं.

3. खोड मिश्रणावर आडवं ठेवा, पुरू नका. केसाळ, तपकिरी खवल्यांचं हे खोड हवेत उघडं हवं. सुतळीने दोन-तीन ठिकाणी बांधा. टोकावर दोर येऊ देऊ नका. सुतळी कुजेपर्यंत मुळांनी पकड घेतलेली असते. ओंडक्यावर लावायचं असेल तर खोडाखाली सोडणाचा पातळ थर द्या.

4. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या ओसरीत टांगा. सकाळचं कोवळं ऊन चालतं. पश्चिमेची भिंत टाळा. दुपारनंतर ती भट्टीसारखी तापते. गच्चीवर ठेवायचं तर शेडनेट लावाच.

5. पावसाळ्यात वरचा थर सुकू लागला की पाणी द्या. बोअरचं पाणी जड असेल तर पावसाचं पाणी पिंपात साठवून वापरा.

6. नवी पानं फुटू लागल्यावर ऑक्टोबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी 19:19:19 हे विद्राव्य खत लिटरला 1 ग्रॅम या प्रमाणात फवारा. केळी बागायतदाराच्या घरी ते बहुधा असतंच. तपकिरी पानांच्या आत मूठभर कोरडा पाचोळाही टाका.

7. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे कडाक्याची थंडी पडते. टोपली आडोशाला घ्या, पाणी सकाळीच आणि कमी द्या. खत बंद.

8. मार्चपासून हिरवी पानं पिवळी होऊन गळू लागतील. घाबरून पाण्याचा मारा करू नका. रुजलेल्या बाशिंगाला आठवड्यातून एकदा संध्याकाळी पाणी पुरतं. पहिल्या उन्हाळ्यात रोप कोवळं असतं, म्हणून दिवसाआड शिंपडा. खोड बोटाने दाबून पाहा: टणक असेल तर जिवंत आहे, मऊ पडलं तर कूज लागली आहे. मऊ भाग धारदार सुरीने कापा आणि पाणी कमी करा.

कीड की बीजाणू?

हिरव्या पानाच्या पाठीवर ओळीने आलेले बारीक गोल तपकिरी ठिपके म्हणजे बीजाणूंचे पुंजके. त्यांवर औषध मारू नका. ठिपके वेडेवाकडे असतील, नखाने निघत असतील आणि पान चिकट लागत असेल, तर ती खवले कीड. ओल्या फडक्याने पुसून काढा.

पुढची रोपं

दोन-तीन वर्षांत खोड टोपलीभर पसरतं. जूनअखेर वाढतं टोक आणि काही मुळं असलेला तुकडा कापा, एक दिवस सावलीत सुकवा आणि याच पद्धतीने लावा. असा एक तुकडा दरवर्षी कुणाला तरी द्या. घराघरांत रोपं मिळू लागली, की ती जंगलातून आणण्याची कुणाला गरज पडणार नाही.