साळुंकी इथली नाही

अल बर्शातल्या तळ्याच्या बागेत सकाळी साडेसहाला गेलात, तर पहिला आवाज बहुधा साळुंकीचा कानावर पडेल. पिवळी चोच, डोळ्यांभोवती पिवळी कड आणि गवतावरून गावच्या पाटलासारखी ऐटबाज चाल. भारतातून मुलांकडे राहायला आलेले आजी-आजोबा तिला पाहून हमखास म्हणतात, "अगदी आपल्या अंगणात असल्यासारखं वाटतं." मलाही वाटतं. पण लहान मुलांबरोबर पक्षी पाहायला निघाले की मला पहिल्याच दिवशी त्यांना सांगावं लागतं की साळुंकी इथली नाही.

ही सुरुवात झाली पक्षी सप्ताहामुळे. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला सालिम अलींचा. दुबईत हे दिवस फारच सोयीचे आहेत. उन्हाळा सरलेला असतो आणि उत्तरेकडचे पाहुणे पक्षी यायला लागलेले असतात. आम्ही चार-पाच मराठी कुटुंबांनी ठरवलं की त्या आठवड्यात मुलांना घेऊन रोज पंधरा मिनिटं पक्षी मोजायचे. मी पक्षीतज्ज्ञ नाही. माझी पीएचडी जिवाणूंवरची. पण मोजणी ती मोजणी, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी मुलांनी आणलेल्या याद्या सुरेख होत्या. हुदहुद दोन (मराठी आणि अरबी दोन्हीकडे नाव एकच, याची मुलांना भारी गंमत वाटली), वेडा राघू एक, जांभळा शिंजीर एक, टिटव्या चार. साळुंकी मात्र एकाही कागदावर नव्हती. विचारलं तर उत्तर आलं, "मावशी, त्या तर सगळीकडेच होत्या. लिहायच्या कशाला?"

या उत्तरात चूक काय, हे जरा सावकाश पाहू. समजा, दहा वर्षांनी कुणाला शोधायचं आहे की या बागेत साळुंक्या वाढल्या की घटल्या. त्याच्या हाती आमची यादी पडली, तर तो काय समजेल? साळुंकी नव्हती, की होती पण कुणाला तिचं अप्रूप नव्हतं? दोन्ही शक्यता कागदावर सारख्याच दिसतात. म्हणून ई-बर्डसारख्या प्रकल्पात यादी देताना एक साधा प्रश्न असतो: ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही नोंदवलेत का? उत्तर 'हो' असेल, तरच यादीत जे नाही त्याला अर्थ येतो, आणि न लिहिलेला पक्षी 'शून्य' म्हणून मोजता येतो. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३ चा अहवाल अशाच नोंदींवर उभा आहे. सुमारे ३०,००० हौशी निरीक्षक, तीन कोटींच्या आसपास नोंदी आणि ९४२ जातींचा आढावा. त्यातले बहुतेक निरीक्षक तुमच्या-माझ्यासारखेच, नोकरी सांभाळून दुर्बीण गळ्यात अडकवणारे.

दुसऱ्या दिवशी मुलांनी साळुंक्या मोजल्या. एकेचाळीस! हुदहुद दोनच.

मग प्रश्न आला की इतक्या कशा. आखातात साळुंकी आली ती पिंजऱ्यातून. पाळायला आणलेले पक्षी सुटले आणि त्यांना इथे सगळं आयतं मिळालं: रोज पाणी दिलेली हिरवळ, उघड्यावरचं खरकटं, घरट्यासाठी पाट्यांमागच्या आणि दिव्याच्या खांबांमधल्या पोकळ्या. वाळवंटात तिचा निभाव लागला नसता. शहराने तिला जागा करून दिली. महाराष्ट्रात तिच्याबरोबर तिचे शत्रू, स्पर्धक आणि रोगही नांदतात, तिथे ती हजारांतली एक. इथे तो हिशेब जुळलेला नाही. ती ढोलीत घरटं करते आणि ढोलीसाठी भांडखोर असते, दुसऱ्याची अंडी-पिल्लंही बाहेर काढते. हुदहुदलाही घरट्यासाठी पोकळीच लागते. आययूसीएनच्या तज्ज्ञगटाने जगातल्या १०० सर्वांत त्रासदायक आक्रमक परक्या जातींची यादी केली, तिच्यात पक्षी फक्त तीन आहेत. त्यातले दोन आपल्या अंगणातले: साळुंकी आणि लालबुड्या बुलबुल.

हे मी मुलांना सांगत होते. तेवढ्यात तिसरीतल्या, इथेच जन्मलेल्या एका मुलीने विचारलं, "मावशी, मग आपण पण बाहेरचेच ना?"

मी घाईघाईने म्हणाले, "नाही गं, हे फक्त पक्ष्यांचं असतं." तिला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. त्या रात्री मी पुन्हा वाचायला बसले. दुसऱ्या दिवशी तिला तीन वेगळे शब्द सांगितले. 'परकी' म्हणजे माणसाने दुसरीकडून आणलेली जात. 'स्थिरावलेली' म्हणजे आता स्वतःहून वाढणारी. 'आक्रमक' म्हणजे वाढून दुसऱ्या जातींना नुकसान करणारी. पहिला शब्द पत्ता सांगतो, तिसरा परिणाम. आणि तिन्ही शब्द जातींसाठी आहेत, माणसांच्या समूहांसाठी नाहीत. पत्त्यावरून परिणाम ठरवायचा का, यावर शास्त्रज्ञांतही भांडण आहे. २०११ साली मार्क डेव्हिस आणि १८ सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं की जातींना त्यांच्या मूळ ठिकाणावरून जोखू नका. लगेच १४१ शास्त्रज्ञांनी त्याला हरकत घेतली: मूळ ठिकाण कुणीच एकमेव निकष मानत नाही, पण नुकसान दिसेपर्यंत थांबलं तर बहुधा उशीर झालेला असतो. मला दुसरी बाजू जास्त पटते, निदान बेटांच्या बाबतीत तरी. मुलांना मात्र मी दोन्ही सांगते.

गोष्ट अवघड झाली ती कावळ्याने. मान राखाडी असलेला आपला गावकावळा जहाजांवर बसून जग फिरला आहे. १९९४ साली नेदरलँड्सच्या बंदरातही दोन पोचले होते. सोकोत्रा बेटावरून तो प्रयत्नपूर्वक हटवला गेला. केनियाने २०२४ मध्ये दहा लाख कावळे कमी करण्याची योजना जाहीर केली. हे मी एका घरी सांगत होते, तेव्हा तिथल्या आजी पितृपक्षाच्या पानाची तयारी करत होत्या. गच्चीच्या कठड्यावर केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर भात, वडा, खीर. "केनियात काय करतात ते मला नको सांगूस बाळा," त्या म्हणाल्या. "यांना इतकी वर्षं कावळ्याशिवाय जेवू घातलेलं नाही."

मी त्यांना पान ठेवू नका म्हणाले नाही. भीड होतीच, पण शास्त्रही त्यांच्या बाजूने होतं. गावकावळ्याची संख्या वर्षातल्या एका पानावर वाढत नाही. ती रोजच्या खरकट्यावर, झाकण उघड्या कचऱ्याच्या डब्यांवर वाढते. आजींनी पान ठेवलं, कावळा शिवल्यावर अर्ध्या तासात उचललं, उरलेलं पिशवीत बांधलं. त्यांच्या नातवाने मग इमारतीतल्या कचऱ्याच्या डब्यांची झाकणं आठवडाभर मोजली: किती उघडी, किती बंद. तो कागद त्याने व्यवस्थापकाला नेऊन दिला. अजून उत्तर नाही.

'आपलं' काय, याचं एक उदाहरण मी आता पहिल्याच फेरीत दाखवते. इथला राष्ट्रीय वृक्ष घाफ. २०१९ च्या सहिष्णुता वर्षाचं चिन्हही तोच होता. हा घाफ म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पुजतो ती. ती मात्र इकडेही मूळची आणि तिकडेही. शमी कुणी आणली नाही आणि साळुंकी आणली, एवढा फरक मुलांना झाडाखाली उभं राहून चटकन कळतो.

तुमच्या भागात सुरू करायचं असेल तर फार काही लागत नाही. जागा एकच ठेवा, वेळ एकच, पंधरा मिनिटं. सहा-सात मुलांच्या वर नको, एकमेकांची मोजणी गोंधळते. थवा असेल तर दहा-दहाचे गट करून मोजा. ओळखू न आलेला पक्षी 'अनोळखी' म्हणून लिहा, अंदाजाने नाव देऊ नका. आणि पेन्सिल आणा. नोव्हेंबरच्या सकाळी गवतावर दव असतं, पेनाची शाई पसरते. आमच्या पहिल्या आठवड्याच्या दोन याद्या त्यामुळे वाचताच आल्या नाहीत, आणि त्यातल्या एकीवर म्हणे नीलपंख होता.