सिस्टर गेल्या, शाळा उरली : अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांचे शिक्षक आणि मुख्याध्यापक पुढचं शिक्षण कसं घेतात?



‘कॉन्व्हेंटची शिस्त’ हे शब्द आपल्याकडे घरोघरी ऐकू येतात. मुलाला तिथे घालायचं म्हणून पालक किती धडपडतात, हे आपण बघतोच. पण ही शिस्त, हे वळण नेमकं कोण लावतं? इमारत लावते, गणवेश लावतो, की तिथली माणसं? आणि ती माणसं बदलली की शाळेचं काय होतं?

हा प्रश्न अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांपुढे फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. त्यांनी शोधलेलं एक उत्तर म्हणजे शिक्षकांसाठी आणि शाळाप्रमुखांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम. आजच्या लेखात आपण तेच समजून घेऊ. धर्म कोणताही असो, शाळा चालवणाऱ्या प्रत्येकाला त्यातून घेण्यासारखं आहे.

आधी थोडा इतिहास

१८८४ साली बाल्टिमोर इथे अमेरिकेतल्या बिशपांची परिषद भरली. प्रत्येक चर्चजवळ दोन वर्षांच्या आत शाळा असावी, असं तिथे ठरलं. शाळा निघाल्या, पण शिकवणार कोण? हे काम मुख्यतः धर्मभगिनींनी, म्हणजे सिस्टर्सनी, अंगावर घेतलं. त्यांना मिळणारं मानधन अगदी तुटपुंजं होतं. त्यामुळे फी कमी ठेवता आली आणि कामगारांची, नव्याने आलेल्या स्थलांतरितांची मुलं शिकू शकली. १९६०च्या दशकात या शाळा सुमारे १३ हजारांवर गेल्या आणि विद्यार्थी ५० लाखांच्या पुढे.

या चित्राची दुसरी बाजूही बघू. बऱ्याच सिस्टर्स पूर्ण तयारी न होताच वर्गात उभ्या राहायच्या. वर्षभर शिकवायचं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत थोडं थोडं शिकायचं. अशाने एक पदवी पुरी व्हायला कधी कधी वीस उन्हाळे लागत. गमतीने त्याला ‘वीस वर्षांची योजना’च म्हणायचे. समोर वर्गात पन्नास-साठ मुलं! अखेर १९५४मध्ये ‘सिस्टर फॉर्मेशन’ ही चळवळ उभी राहिली. तिची मागणी साधी होती : आधी पूर्ण शिक्षण, मग वर्ग. सेवाभाव आहे म्हणून तयारी नसली तरी चालेल, हे त्या बायकांनी स्वतःच नाकारलं. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो.

मग पेच कुठे पडला?

१९६५च्या सुमारास अमेरिकेत जवळपास १ लाख ८० हजार सिस्टर्स होत्या. नंतर ही संख्या झपाट्याने उतरली. आज ती ४० हजारांच्याही खाली आहे आणि त्यातल्या कितीतरी जणी वयोवृद्ध आहेत. आता कॅथलिक शाळांतले शंभरातले ९७ तरी शिक्षक-कर्मचारी तुमच्या-आमच्यासारखे संसारी लोक आहेत.

याचे दोन परिणाम झाले. पहिला पैशाचा. संसारी शिक्षकाला पगार द्यावा लागतो. तिथे आपल्या अनुदानित शाळांसारखा शासनाकडून पगार येत नाही. खर्च वाढला, फी वाढली, शहरातल्या गरीब वस्त्यांमधून मुलं कमी झाली आणि शाळा बंद पडू लागल्या. आज साधारण ६ हजार शाळा आणि १७ लाखांच्या आसपास विद्यार्थी उरले आहेत.

दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाही. सिस्टर्सचं राहणं, जेवणं, प्रार्थना, शिकवणं सगळं एकत्र असायचं. नव्या सिस्टरला शाळेचा स्वभाव कुणी वेगळा शिकवावा लागत नव्हता, तो जुन्या सिस्टरच्या सोबतीने अंगात मुरायचा. नोकरीसाठी आलेल्या शिक्षकाला ही सोबत कुठून मिळणार? सकाळी यायचं, तास घ्यायचे, घरी जायचं. शाळा का काढली होती, हेच माहीत नसेल, तर वर्गात ते उतरणार तरी कसं?

एक उदाहरण : नोत्र दाम विद्यापीठ

इंडियाना राज्यातल्या नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठात १९९३मध्ये ‘अलायन्स फॉर कॅथलिक एज्युकेशन’ हा उपक्रम सुरू झाला. नुकतेच पदवीधर झालेले तरुण-तरुणी यात दोन वर्षांसाठी येतात. उन्हाळ्यात विद्यापीठात राहून अभ्यास करायचा. शाळा उघडली, की देशाच्या वेगवेगळ्या भागांत, विशेषतः अडचणीतल्या कॅथलिक शाळांमध्ये पूर्णवेळ शिकवायचं. वर्ष चालू असताना अभ्यासही चालूच राहतो आणि पाठ बघायला मार्गदर्शक येतात. शेवटी एम.एड. पदवी मिळते. शिक्षणाचं शुल्क त्यांच्यावर पडत नाही आणि राहण्या-खाण्यापुरतं मानधन मिळतं.

यातली सगळ्यात वेगळी गोष्ट म्हणजे एका गावातले हे नवे शिक्षक एकाच घरात राहतात. स्वयंपाक, साफसफाई, प्रार्थना सगळं मिळून. आज वर्ग हाताबाहेर गेला, तर संध्याकाळी ते सांगायला आणि ऐकायला घरात कुणीतरी असतं. म्हणजे सिस्टर्सच्या मठात जी सोबत आपोआप मिळायची, ती इथे मुद्दाम जुळवून दिली आहे. अध्यापन, सहजीवन आणि अध्यात्म हे या उपक्रमाचे तीन खांब आहेत.

आणखी एक योगायोग बघा. याच विद्यापीठाने १९१८पासून उन्हाळी वर्ग सुरू केले होते, आणि तिथे शिकायला येणाऱ्यांत सिस्टर्स मोठ्या संख्येने असत. सुट्टीत शिकायचं, वर्षभर शिकवायचं, ही पद्धत जुनीच. फक्त वीस उन्हाळ्यांचं काम आता नीट आखून थोड्या वर्षांत बसवलं आहे.

शाळाप्रमुख व्हायचं तर?

त्याच विद्यापीठात शाळाप्रमुखांसाठी शैक्षणिक नेतृत्वाचा वेगळा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. तोही नोकरी न सोडता करायचा. कॅथलिक शाळेच्या प्रमुखाला दोन टोकं सांभाळावी लागतात. एकीकडे फी, देणग्या, पटसंख्या, शिक्षकांची निवड आणि त्यांच्या पाठांचं निरीक्षण. दुसरीकडे शाळेचा आत्मा : प्रार्थना, दुबळ्या मुलाला दिलेली जागा, पालकांशी बोलण्याची रीत. नुसता हिशेब जमणारा माणूस शाळेचं दुकान करून टाकेल. नुसता भाविक माणूस असेल, तर चार वर्षांत शाळेला कुलूप लागेल. म्हणून दोन्ही एकत्र शिकवायचं.

या आत्म्याचा आणि मुलांच्या शिकण्याचा संबंध आहे का? ब्रिक, ली आणि हॉलंड या अभ्यासकांचं १९९३मध्ये प्रसिद्ध झालेलं पुस्तक याच प्रश्नावर आहे. तिथल्या कॅथलिक हायस्कूलांमध्ये बहुतेक सर्व मुलांना एकच भक्कम अभ्यासक्रम मिळतो, मोठी माणसं मुलांना वर्गाबाहेरही ओळखतात, आणि शाळा कशासाठी आहे याबद्दल सगळ्यांची समजूत एक असते. याचा फायदा गरीब घरच्या मुलांनाही होतो, असं त्यांनी मांडलं. म्हणजे शाळेचा स्वभाव ही भिंतीवर सुविचार लिहून भागणारी गोष्ट नाही.

अडचणीही बघूया

सगळं छान आहे असं नाही. एका उन्हाळ्याच्या तयारीवर नवखा तरुण गरीब मुलांच्या वर्गात पाठवावा का? ज्या मुलांना सगळ्यात अनुभवी शिक्षक हवा, त्यांच्या वाट्याला सगळ्यात नवा शिक्षक येतो, हा आक्षेप रास्त आहे. दोन वर्षांनी काही जण निघूनही जातात. कॅथलिक शाळांतले पगार सरकारी शाळांपेक्षा बहुधा कमी असतात, त्यामुळे मन असूनही टिकणं अवघड. अभ्यासक्रम माणूस घडवील, पण त्याचं घर चालवणार नाही.

आपण यातून काय घ्यायचं?

आपण डी.एड. करताना छात्रसेवाकाल केला, पाठटाचणं लिहिली, मार्गदर्शक पाठ बघायला आले. नोकरी लागली आणि तो मागे बसून पाठ बघणारा माणूस जवळजवळ नाहीसाच झाला. नंतरची प्रशिक्षणं बहुतेक सभागृहात होतात, आपल्या वर्गात नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे. हे तास खुर्चीवर बसून भरायचे, की सहकाऱ्याचा पाठ बघून त्यावर बोलण्यात घालवायचे, हा खरा प्रश्न आहे.

मुख्याध्यापकाचंही तसंच. आपल्याकडे हे पद बहुतेक वेळा सेवाज्येष्ठतेने येतं. वीस-पंचवीस वर्षं उत्तम शिकवलेल्या बाईंच्या हातात एके दिवशी शाळेच्या किल्ल्या, शालेय पोषण आहाराची नोंदवही आणि यू-डायसची माहिती येते. अनुभवाला मान द्यायलाच हवा, पण हे काम वेगळं आहे आणि त्याची तयारी आधी मिळायला हवी.

पालकहो, तुमच्यासाठी एक सुचवणी. शाळा निवडताना फी, इमारत आणि निकाल जरूर विचारा. त्यासोबत हेही विचारा : इथले शिक्षक एकमेकांचे पाठ बघतात का? नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी कोण सांभाळून घेतं? मुख्याध्यापक वर्गावर जातात का?

आणि शिक्षक मित्रांनो, यासाठी विद्यापीठाची वाट बघायला नको. येत्या आठवड्यात शेजारच्या वर्गातल्या बाईंना किंवा सरांना एवढंच म्हणा, “माझा एक तास मागे बसून बघाल का?” मग दोघांनी मिळून चहा घ्या आणि त्या तासाबद्दल बोला.