सळई, बेतणी आणि शिल्लक
(एक परिभाषाविषयक टिपण)

तृतीय वर्ष, कला

परिभाषा हा विषय निघाला की आपल्यासमोर जाडजूड कोश उभे राहतात आणि वाचक पान उलटतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने लोखंडी सळयांच्या कापणीविषयी आणि मालसाठ्याच्या संगणकीय हिशेबाविषयी लिहावे, हे तर काहींना नवलाचेच वाटेल. परंतु हा प्रश्न मूलतः भाषेचा आहे, आणि तो मला पुस्तकात नव्हे, बांधकामावर भेटला. म्हणून हे टिपण.

दिवाळीच्या सुट्टीत एका बांधकामावर सामानाच्या कोठीत मदतनीस म्हणून काम केले. कोठी सांभाळणारे गृहस्थ साठीकडे झुकलेले होते. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. त्यांची लाल कापडी वही बिनचूक असे. मालकाने संगणकावर हिशेब ठेवणारी प्रणाली आणली आणि तिचे सगळे रकाने इंग्रजीत होते. महिनाअखेर मोजदाद झाली तेव्हा १२ मिलिमीटरच्या सळईत १४२ किलोंची तूट निघाली. चोरीचा शब्द कुणी उच्चारला नाही, पण सर्वांच्या नजरा मामांकडे वळल्या. ती रक्कम पगारातून वळती करण्याची भाषाही झाली.

संध्याकाळी टेप घेऊन आम्ही दोघे बसलो. कापणीनंतर उरलेले १५ तुकडे मामांनी 'परत आलेला माल' या रकान्यात '१५ नग' म्हणून चढवले होते. त्या सर्वांची मिळून लांबी भरली २० मीटर. प्रणालीच्या लेखी मात्र नग म्हणजे १२ मीटरची अखंड सळई. तिने १८० मीटर जमा धरले. फरक १६० मीटरचा, म्हणजेच १४२ किलोंचा. मामा एवढेच म्हणाले, "पोरा, तुकडा बी नगच की!"

त्यांचे काय चुकले? मराठीत तुकडाही नगच असतो. चूक माणसाची नव्हती आणि यंत्राचीही नव्हती. एका शब्दाचे दोन अर्थ होते आणि ते कुणी वेगळे करून ठेवले नव्हते. परिभाषेचे काम नेमके हेच आहे.

आता थोडा हिशेब पाहू. सळईचे एका मीटरचे किलोतील वजन काढण्याची रीत सोपी आहे. मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करावा व त्याला १६२ ने भागावे. १२ मिलिमीटरसाठी १४४ भागिले १६२, म्हणजे सुमारे ०.८९ किलो. एक घनमीटर पोलादाचे वजन ७८५० किलो धरतात, त्यावरून हा १६२ चा आकडा निघतो. जुने मिस्त्री मात्र अजून सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. त्यामुळे अडीच सूत म्हटले की ८ मिलिमीटर, तीन सूत म्हणजे १० आणि चार सूत म्हणजे १२, असे व्यवहारात धरले जाते.

सळई साधारणपणे १२ मीटर लांबीची येते. समजा, आपल्याला ५ मीटरचे १० आणि साडेतीन मीटरचे २० तुकडे हवे आहेत. पाच मीटरचे तुकडे वेगळे कापले तर ५ सळया लागतात व प्रत्येकीतून २ मीटर उरतात. साडेतीन मीटरचे वेगळे कापले तर आणखी ७ सळया लागतात. एकूण सळया १२. पण प्रत्येक सळईतून एक पाच मीटरचा व दोन साडेतीन मीटरचे असे तुकडे काढले, तर १० सळयांतच काम भागते. दोन सळया, म्हणजे २४ मीटर, म्हणजे सुमारे २१ किलो लोखंड वाचले. यात एक बारकावा आहे. सळई दाबून तोडली तर काही वाया जात नाही. फिरत्या चकतीने कापली तर दर कापाला चकतीच्या जाडीइतके, सुमारे ३ मिलिमीटर लोखंड भुगा होऊन जाते. तेव्हा आकडेमोडीत तेही धरावे लागते.

तुकडे दोन प्रकारचे असतील तर हे कागदावर जमते. वीस प्रकारचे असतील तर शक्य जुळण्यांची संख्या आवाक्याबाहेर जाते. या प्रश्नाचा गणिती विचार रशियन गणिती लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ साली मांडला. पुढे १९७५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. गिलमोर आणि गोमोरी यांनी १९६१ मध्ये संगणकाला पेलेल अशी पद्धत दिली. आजच्या कापणीच्या प्रणाल्यांची मुळे या कामात आहेत.

या सगळ्या खटाटोपाला मराठीत काय म्हणावे? 'इष्टतम कर्तन नियोजन' असा शब्द घडवता येईल, पण तो कोशातच राहील. आपल्या गल्लीतला शिंपी हेच काम रोज करतो आणि त्याला तो 'बेतणे' म्हणतो. कापड अंथरून तो आधी मोठे भाग बेततो, उरलेल्यात बाह्या बसवतो, आणि मगच कात्री लावतो. सळईचेही तेच. म्हणून मी या कामाला 'बेतणी' म्हणतो आणि एका सळईतून कोणते तुकडे काढायचे त्या आराखड्याला 'बेत'. वर दिलेल्या उदाहरणात एकच बेत दहा वेळा वापरला आहे.

शिंप्याच्याच दुकानात दुसरा भेदही सापडतो. उरलेले कापड कामाचे असेल तर तो त्याला तुकडा म्हणतो, नसेल तर चिंधी. लोखंडात हा भेद 'तुकडा' आणि 'भंगार' असा ठेवावा. दीड मीटरचा तुकडा एखाद्या दाराच्या लिंटेलला चालतो. त्याला भंगार म्हणणे हे नुकसानच आहे. 'नग' हा शब्द अखंड सळईपुरता राखावा, आणि तुकड्यापुढे त्याची लांबी लिहिल्याशिवाय नोंद पुरी मानू नये.

आणखी दोन उदाहरणे. भट्टीतून एका वेळी निघालेल्या पोलादाला स्वतंत्र क्रमांक असतो. घरोघरी कढईतून एका वेळी निघालेल्या भज्यांना आपण 'घाणा' म्हणतो. मग 'घाणा क्रमांक' म्हणायला कुठे अडते? आधी आलेला माल आधी वापरावा, हा साठ्याचा नियम पेवात आणि कणगीत ज्वारी साठवणाऱ्याला कुणी शिकवावा लागत नाही. 'जुने आधी' एवढे दोन शब्द पुरेत.

परिभाषेचा उद्योग आपल्याकडे नवा नाही. शिवछत्रपतींच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. त्यात फार्सी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले होते. सावरकरांच्या भाषाशुद्धीने 'दिनांक', 'महापौर' असे शब्द रूढ केले. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले व त्याने अनेक परिभाषा कोश काढले. आपला बीड जिल्हा तर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथे उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ मध्ये भाषांतर विभाग उघडून शास्त्रीय विषयांचे उर्दू शब्द घडवले गेले. मात्र जमा, खर्च, बाकी, हिशेब हे बाहेरून आलेले शब्द आजही आपल्या वह्यांत ठाण मांडून आहेत. शब्द कोठून आला यापेक्षा तो कोणाच्या तोंडी बसतो, हे महत्त्वाचे, असाच याचा अर्थ.

अंबाजोगाईच्या मुकुंदराजांनी वेदान्त मराठीत आणला. त्याच गावच्या दासोपंतांनी सुमारे ४० फूट लांब पासोडीवर पंचीकरण लिहिले. योगायोग असा की, आजची सळईही जवळपास तेवढीच लांब असते. ज्या भूमीत तत्त्वज्ञान मराठीला जड गेले नाही, तेथे लोखंडाची वही जड का जावी?

आणि हा प्रश्न केवळ शब्दकौतुकाचा नाही. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला टोळ्या जातात. तेथे नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. उचल, फेड, बाकी हे शब्द प्रत्येक मजुराला कळतात, म्हणून निदान मुकादमाला जाब तरी विचारता येतो. शब्दच कळला नाही तर जाब कशाचा विचारणार? शेजारच्या जालन्यात सळयांचे कारखाने आहेत. आपल्यातले कित्येक जण उद्या तेथे किंवा अन्यत्र कोठीवर, हिशेबावर बसतील. त्यांच्यासमोरचा पडदा त्यांच्या भाषेत बोलला, तर मामांसारखा प्रसंग दुसऱ्यावर येणार नाही.

मामांच्या पगारातून अखेर काही कापले गेले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी डकवली : 'नग म्हणजे अखंड. तुकडा मीटरात लिहावा.' माझ्या मते परिभाषा कोशाचे ते एक उत्तम पान होते. आपणही आपापल्या घरच्या धंद्यातले असे शब्द टिपून ठेवावेत. सुतार, लोहार, शिंपी, गवंडी यांच्या ओठांवरचे हे धन वहीत उतरले, तर कोशकारांचे निम्मे काम हलके होईल.