ज्ञानोदयकालीन तत्त्वज्ञ आणि विवाहाचा करार

राज्यशास्त्राच्या तासाला ‘सामाजिक करारा’चा सिद्धान्त शिकताना माझ्या मनात एक प्रश्न आला. राजाची सत्ता ईश्वरदत्त नसून लोकांच्या संमतीवर उभी असते, असे ज्या तत्त्वज्ञांनी सांगितले, त्यांनी घरातल्या सत्तेविषयी काय म्हटले आहे? राजाला जो न्याय लावला, तो पतीला लावला की नाही? या विषयातील मी अगदी नवखी विद्यार्थिनी आहे. तरी जेवढे वाचले आणि समजले, तेवढे मांडण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

युरोपात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा काळ हा ज्ञानोदयाचा काळ मानला जातो. परंपरेने सांगितले म्हणून नव्हे, तर बुद्धीला पटले म्हणून मानावे, ही त्या काळाची शिकवण. परंतु त्या वेळचा समाज कसा होता? कॅथलिक धर्मपीठाच्या दृष्टीने विवाह हा अभंग संस्कार होता. इंग्लंडचा कायदा पतिपत्नींना एकच व्यक्ती समजत असे, हे कायदेपंडित ब्लॅकस्टन याने १७६५ साली नमूद केले आहे. व्यवहारात ही ‘एक व्यक्ती’ म्हणजे पतीच असे. पत्नीच्या मिळकतीवरही बहुतांशी त्याचाच ताबा असे.

या अभ्यासाची सुरुवात जॉन लॉकपासून करावी लागते. रॉबर्ट फिल्मर याचे म्हणणे असे होते की, आदमला पिता म्हणून जी सत्ता मिळाली, तीच वारशाने राजांकडे आली. लॉकने १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हे मत खोडून काढले. आईवडील दोघांचाही मान राखावा अशी बायबलची आज्ञा आहे. मग सत्ता एकट्या पित्याची कशी, असा त्याचा बिनतोड सवाल आहे. पुढे तो म्हणतो की, विवाह हा स्त्री आणि पुरुष यांनी स्वेच्छेने केलेला करार आहे. पत्नीच्या जीवितावर पतीची सत्ता नाही, आणि काही परिस्थितीत तिला विभक्त होण्याचाही हक्क आहे. इतके सांगून झाल्यावर मात्र लॉक एक पाऊल मागे येतो. दोघांचे मतभेद झाल्यास अखेरचा शब्द पुरुषाचा, कारण तो अधिक समर्थ, असे तो म्हणतो. राजाच्या बाबतीत जे कारण त्याने कधीच मान्य केले नसते, तेच त्याने घरात मान्य केले.

ही विसंगती त्या काळातही एका स्त्रीच्या ध्यानात आली होती. विवाहावरील आपल्या पुस्तकाला १७०६ साली जोडलेल्या प्रस्तावनेत मेरी ॲस्टेल हिने विचारले की, निरंकुश सत्ता राज्यात वाईट असेल तर ती कुटुंबात चांगली कशी?

रूसोचे ‘सामाजिक करार’ आणि ‘एमिल’ हे दोन्ही ग्रंथ १७६२ सालचे. पहिल्यात तो माणसाच्या स्वातंत्र्याचा कैवार घेतो. दुसऱ्यात एमिल या मुलाला स्वतंत्र विचार करायला शिकवतो. पण त्याची भावी पत्नी सोफी हिचे शिक्षण मात्र पतीला आनंद देणे आणि त्याचा संसार सांभाळणे यासाठीच! कांटनेही १७९७ मध्ये विवाह हा दोन समान व्यक्तींचा संबंध मानला. तरी कुटुंबाच्या हितासाठी पतीने आज्ञा देण्यात त्याला विसंगती वाटली नाही.

रूसोला सडेतोड उत्तर मेरी वुल्स्टनक्राफ्ट हिने दिले. स्त्रियांच्या हक्कांवरील तिचा ग्रंथ १७९२ सालचा. तिचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्त्रीला शिक्षण नाही, कमाईचे साधन नाही. मग लग्नावाचून तिला दुसरा मार्ग कोणता? अशा स्थितीतील विवाह हा पोटासाठी केलेला व्यवहार ठरतो. म्हणून मुलामुलींनी एकाच शाळेत शिकावे, स्त्रियांनी वैद्यकी करावी, शेती आणि दुकान चालवावे, असे ती सुचवते. पतिपत्नींचे नाते मैत्रीवर उभे असावे, आणि मैत्री बरोबरीच्या माणसांतच होते, असे तिचे प्रतिपादन आहे.

विचारांचे कायद्यात रूपांतर होणे किती अवघड असते, हे फ्रान्सच्या इतिहासावरून दिसते. क्रांतीनंतर सप्टेंबर १७९२ मध्ये तेथे परस्परसंमतीने घटस्फोटाची मुभा मिळाली. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेने ती आकुंचित केली आणि पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावे असे कलम घातले. १८१६ मध्ये घटस्फोटच रद्द झाला. तो परत यायला १८८४ साल उजाडले.

या विचारांचा एक धागा आपल्यापर्यंतही पोहोचला आहे. वुल्स्टनक्राफ्टचा समकालीन टॉमस पेन याचा ‘मानवाचे हक्क’ हा ग्रंथ महात्मा जोतीराव फुले यांनी १८४७ साली वाचला होता. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुरोहिताशिवाय विवाह लावण्यास सुरुवात केली. त्यांनी रचलेल्या विवाहविधीत वधूवर परस्परांशी बोलतात, आणि वधू स्त्रियांच्या हक्कांची मागणी करते. करार म्हटला की दोन्ही पक्षांना वाचा हवी, हे येथे प्रत्यक्षात आलेले दिसते.

या सर्व वाचनातून मला एवढे उमगले की, ‘नाही’ म्हणण्याची सोय नसेल तर ‘होय’ला संमती म्हणता येत नाही. लॉकला हे राज्याच्या बाबतीत कळले होते. घराच्या बाबतीत ते वुल्स्टनक्राफ्टने सांगितले. माझ्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. मुलगी शिकली की तिला चांगले स्थळ मिळते, असे आमच्याकडे कौतुकाने म्हणतात. ते खोटे नाही. पण आलेल्या स्थळाविषयी तिचे मत विचारले जावे आणि ते निर्भयपणे सांगण्याचे बळ तिच्या अंगी यावे, हाही शिक्षणाचा हेतू आहे. तसे झाले तरच विवाहाला करार म्हणणे सार्थ होईल.