रुग्णशय्येजवळील सोनोग्राफी व तिचे शिक्षण

महोत्सवाचे वर्ष आले की देणगीदार मंडळींचे हात सैल होतात आणि 'दवाखान्यास एखादे यंत्र द्यावे' अशी सूचना हटकून पुढे येते. अलीकडे खिशात मावणारी, मोबाइल फोनला जोडून चालणारी सोनोग्राफीची यंत्रे निघाली आहेत. तेव्हा त्यांचे नाव निघावे हे साहजिकच आहे. सूचना स्तुत्य खरी. पण यंत्र घेणे आणि त्यापासून रुग्णाचे हित साधणे यांत बरेच अंतर आहे. जेथे डॉक्टर थोडे आणि रुग्णालये लांब, अशा देशांत परिचारिका, सुईणी व इतर आरोग्यसेवक यांस हे यंत्र वापरावयास शिकविण्याचे प्रयोग झाले आहेत. त्यांपासून काय बोध घ्यावयाचा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम यंत्राचे तत्त्व पाहू. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात; असतो तो फक्त ध्वनी, तोही कानास ऐकू न येणारा. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत वीज उत्पन्न होते, हे क्यूरी बंधूंनी १८८० साली दाखविले. उलट, स्फटिकास वीज दिली तर तो थरथरतो. हातात धरावयाच्या प्रोबमध्ये हीच युक्ती असते. पोट तपासताना तो सेकंदास सुमारे वीस ते पन्नास लाख कंपनांचा ध्वनी आत पाठवितो. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १५४० मीटर धरतात. दरीच्या काठी हाक मारली असता प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून समोरचा कडा किती लांब हे ताडता येते. यंत्र तोच हिशेब क्षणोक्षणी करून पडद्यावर चित्र उमटविते. पाणी व रक्त काळे दिसते; हाड किंवा खडा पांढरा दिसून त्यामागे सावली पडते. हवा मात्र ध्वनीला अडविते, म्हणूनच प्रोब व त्वचा यांमध्ये जेल लावावे लागते. ग्लासगो येथील इयान डोनाल्ड व त्यांचे सहकारी यांनी १९५८ साली आपला निबंध प्रसिद्ध केला आणि प्रसूतिशास्त्रात या विद्येचा प्रवेश झाला.

संपूर्ण सोनोग्राफी शिकावयास वर्षे लागतात. रुग्णशय्येजवळील तपासणीचा मार्ग निराळा आहे. तेथे एकच लहानसा प्रश्न विचारावयाचा आणि 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर शोधावयाचे. गर्भवतीच्या बाबतीत प्रश्न असे : मूल एक की जुळे? हृदय चालू आहे काय? मूल डोक्याकडून आहे, पायाळू आहे की आडवे? वार गर्भाशयाच्या तोंडावर तर नाही ना? हा शेवटचा प्रश्न जिवाशी गाठ घालणारा आहे. वार तोंडावर असेल तर प्रसूतीच्या वेळी अतोनात रक्तस्राव होतो. अशा स्त्रीची प्रसूती शस्त्रक्रियेची सोय असेल तेथेच व्हावयास हवी. अपघाताच्या रुग्णास चार जागा पाहतात : यकृत व उजवे मूत्रपिंड यांमधील फट, प्लीहेभोवतालची जागा, ओटीपोट आणि हृदयाचे आवरण. तेथे काळी पट्टी दिसली तर आत रक्त साचल्याची शंका घ्यावयाची.

हे पाठ पुस्तकातून येत नाहीत. प्रोब किती कलवावा, किती दाबावा, पोटात वायू असेल तर कोठून पाहावे, हे हाताने शिकावयाचे असते. आणि त्यासाठी शिष्याच्या शेजारी गुरू उभा असावा लागतो. त्याहूनही अवघड पाठ एक आहे. 'मला दिसले नाही' आणि 'ते तेथे नाही' ही दोन वाक्ये एक नव्हेत. थोडे रक्त साचले असेल तर ते पहिल्या तपासणीत दिसतही नाही. ज्याला हा भेद कळला नाही, त्याच्या हातचे यंत्र रुग्णास खोटा दिलासा देते, आणि खोट्या दिलाशापायी रुग्णालयाची वाट धरावयास उशीर होतो.

आता अनुभव पाहू. रवांडा देशातील दोन ग्रामीण रुग्णालयांत तेथील डॉक्टरांना नऊ आठवडे शिक्षण देण्यात आले. त्यानंतर २००८ साली केलेल्या ३४५ तपासण्यांचा हिशेब मांडला, तेव्हा शेकडा ४३ रुग्णांच्या उपचाराची दिशा तपासणीमुळे बदललेली आढळली. हा अनुभव उत्साह देणारा आहे.

दुसरा अनुभव विचार करावयास लावतो. काँगो, केनिया, झांबिया, पाकिस्तान व ग्वाटेमाला या पाच देशांत सुईणी, परिचारिका इत्यादींना दोन आठवड्यांचा वर्ग आणि पुढे काही आठवडे देखरेखीखाली सराव असे शिक्षण दिले. त्यांनी काढलेली चित्रे दूरच्या तज्ज्ञांनी तपासली आणि बहुतेक निष्कर्ष जुळले. म्हणजे शिक्षण सफल झाले. परंतु सत्तेचाळीस हजारांहून अधिक प्रसूतींचा हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा माता व बालके यांचे मृत्यू त्यामुळे कमी झाल्याचे दिसले नाही. अडचण आढळलेल्या स्त्रिया रुग्णालयात जाण्याचे प्रमाणही वाढले नाही. दोष दिसणे ही पहिली पायरी झाली. पुढे वाहन, रस्ता, रक्तपेढी आणि रात्री जागा असलेला शल्यवैद्य नसेल तर ते दिसणे वाया जाते.

यंत्रे आता आणखी सोपी होत आहेत. नवख्या माणसाने प्रोब पोटावरून ठराविक रेषांनी फिरवावा आणि गर्भ किती आठवड्यांचा हे संगणकाने सांगावे, असा प्रयोग झांबिया व अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथे झाला असून तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. हाताचे काम हलके होईल. वाटेचे काम होणार नाही.

आपल्या देशात आणखी एक बंधन आहे आणि ते योग्यच आहे. मुलगी असल्याचे कळताच गर्भ पाडण्याचे पाप येथे घडले, म्हणून १९९४ चा कायदा झाला. नोंदणी नसलेल्या जागेस यंत्र विकताही येत नाही. गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीची नोंद ठेवावी लागते. आणि तपासणी करणारा अर्हताप्राप्त डॉक्टरच असावा लागतो. केवळ एमबीबीएस झालेल्या डॉक्टरांसाठीही २०१४ च्या नियमांनी सहा महिन्यांचे शिक्षण ठरविले आहे. तेव्हा आफ्रिकेतील सुईणीचा कित्ता आपणांस जसाच्या तसा गिरविता येणार नाही.

मग आपण काय करावे? आम्हांस वाटते की, देणगीचे तीन वाटे करावेत. एक यंत्राचा, तोही नोंदणी व डॉक्टर यांची निश्चिती झाल्यावर. दुसरा शिक्षणाचा : आपल्या डॉक्टराने शिकावयास जावे, आणि परतल्यावर त्याची चित्रे वर्षभर तरी कोणी जाणत्याने तपासावीत. तिसरा वाटा वाहनाचा व रुग्णालयाशी ठरवून ठेवलेल्या व्यवस्थेचा. परिचारिकेस प्रोब देता आला नाही तरी रक्तदाब मोजणे, धोक्याची लक्षणे ओळखणे आणि वेळेवर वाहन बोलावणे हे शिकविण्यास कोणताही कायदा आड येत नाही. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, वाहनाच्या इंधनावर लागत नाही. पण अवघडलेली स्त्री मध्यरात्री दाराशी येते, तेव्हा उपयोगी पडतात ते हे तिन्ही वाटे मिळूनच.