कमरेला लपेल असं हत्यार, खिशाला झेपेल असं: सोलापूरकरांसाठी खर्चाचा हिशेब

रात्री पंपाची रोकड घेऊन घरी परतणारा मालक, सराफ, बाजार समितीतला कांद्याचा अडत्या. अशा माणसांच्या मनात परवान्याचं पिस्तूल घ्यावं का, हा विचार कधी ना कधी येतोच. मग ते दुकानात भाव विचारतात, आणि चूक तिथूनच सुरू होते. क्रम आधी परवान्याचा, मग हत्याराचा. परवाना हातात पडेपर्यंत कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.

सोलापूर शहरात राहत असाल तर अर्ज पोलिस आयुक्तालयात करायचा. बार्शी, पंढरपूर, सांगोला, अक्कलकोट आणि बाकीच्या ग्रामीण भागासाठी जिल्हाधिकारी कार्यालय. वयाची 21 वर्षं पूर्ण हवीत. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण आणि ते घरी सुरक्षित ठेवण्याची हमीही लागते. पण अर्जाचा जीव असतो कारणात. ‘धंदा मोठा आहे’ एवढ्यावर भागत नाही. धमकी आली असेल तर तक्रारीची प्रत जोडा, लूट झाली असेल तर गुन्ह्याची नोंद जोडा, रोकड नेत असाल तर बँकेतल्या भरण्याचे कागद जोडा. नकार मिळाला तर लेखी कारणं मागा आणि 30 दिवसांच्या आत अपील करा. मंजूर झालेला परवाना आता 5 वर्षं चालतो.

‘बाहेरच्या राज्यातून काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. 2012 ते 2016 या काळात जम्मू-काश्मीरमध्ये वाटलेल्या लाखो परवान्यांची सीबीआयला चौकशी करावी लागली, हे लक्षात ठेवा.

परवाना कुठपर्यंत चालतो, हेही अर्ज करतानाच बघा. आपला जिल्हा कर्नाटकाला लागून आहे. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूरचा माणूस कामासाठी इंडी, विजयपूर, अफझलपूरला सहज जाऊन येतो. परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर सीमेपलीकडे तेच हत्यार बेकायदा ठरतं. तिकडे नेहमीचं जाणं असेल तर ते अर्जात पुराव्यासह मांडा.

आता हत्यार. सामान्य परवान्यावर 9 एमएम, .38 किंवा .455 मिळत नाही. ते प्रतिबंधित बोअर आहेत. परदेशी नवीन पिस्तुलांची नागरिकांसाठीची आयात 1980 च्या दशकातच थांबली. म्हणून खरी निवड .32 बोअरमध्येच होते. आयुधनिर्माणी मंडळाच्या 1 ऑक्टोबर 2021 ला सात कंपन्या झाल्या. त्यांपैकी कानपूरची अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया ही हत्यारं बनवते. तिचं ‘प्रबळ’ रिव्हॉल्व्हर ऑगस्ट 2023 मध्ये बाजारात आलं. त्याची नळी 76 मिलिमीटरची आहे आणि चक्र बाजूला उघडतं. ‘निर्भीक’ 2014 मध्ये महिलांसाठी म्हणून आलं, वजन सुमारे अर्धा किलो. तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. पिस्तुलात ‘अशनी’ आहे. खाजगी कंपन्यांत वेब्ली अँड स्कॉटचं .32 रिव्हॉल्व्हर उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात बनतं, पण ते आणखी महाग.

पिस्तूल चपटं असतं, सदऱ्याखाली उठून दिसत नाही. रिव्हॉल्व्हरचं चक्र कमरेला फुगतं. तरीही हात आखडता असेल आणि सराव कमी होणार असेल तर माझं मत रिव्हॉल्व्हरच्या बाजूने आहे. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात अडकलेलं काडतूस सोडवायला दोन्ही हात आणि सवय लागते. नाव .32 असलं तरी दोघांची काडतुसं वेगळी असतात आणि एकाची दुसऱ्यात चालत नाहीत, हे खरेदीआधीच विचारून घ्या.

किमतीचा सर्वांत मोठा घाव कराचा आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलावरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 40 टक्के झाला. मूळ किंमत 1 लाख असेल तर आधी 1 लाख 28 हजार मोजावे लागत, आता 1 लाख 40 हजार. जुन्या दरपत्रकावर विसंबू नका. करासह अंतिम आकडा लेखी घ्या.

स्वस्तात बसणारे दोन सरळ मार्ग आहेत, आणि लोक ते विसरतात. पहिला वारसा. घरात वडिलांच्या नावावर परवान्याचं हत्यार असेल आणि त्यांचं वय 70 झालं असेल किंवा हत्यार 25 वर्षं त्यांच्याकडे असेल, तर त्यांच्या हयातीतच ते वारसाच्या परवान्यावर घेण्यासाठी अर्ज करता येतो. वारसाची पात्रता तपासली जातेच, पण खरेदीचा खर्च वाचतो. दुसरा मार्ग जुन्या हत्याराचा. विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर 45 दिवस थांबावं लागतं. जुनं घेताना नळीतला गंज, चक्राचा हलतेपणा आणि क्रमांक खोडलेला नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्या.

हत्याराच्या पलीकडेही खर्च आहे. चाप झाकणारं घट्ट होल्स्टर, भिंतीत बसवलेली किल्लीची पेटी, सरावाची काडतुसं, निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करायला लावलं तर दुकानदाराचं भाडं. यासाठी किमान वीस-पंचवीस हजार बाजूला ठेवा. काडतुसं घेताना हात आखडू नका. न झाडलेलं पिस्तूल ऐनवेळी मालकालाच घातक ठरतं.

लपवून नेण्याबाबत कायदा स्पष्ट आहे. सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असायला हवं. विशेष परवानगीशिवाय जत्रा, धार्मिक मिरवणूक, सभा आणि शाळा-कॉलेजच्या आवारात ते नेता येत नाही. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असो की पंढरीची आषाढी, हत्यार घरी पेटीत. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि गावठी कट्टा? मध्य प्रदेशातल्या उमर्टीहून आलेले कट्टे महाराष्ट्रात वारंवार पकडले जातात. काही हजारांत मिळतो म्हणून मोह होतो. पण विनापरवाना हत्यार जवळ सापडलं तर किमान दोन वर्षांची, कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे, आणि त्या नळीचा भरवसा घडवणाराही देत नाही.

घरात लहान मुलं असतील आणि पेटीची सोय नसेल, किंवा कुणी नैराश्यात वा दारूच्या आहारी असेल, तर पैसे असले तरी हत्यार आणू नका. हाताशी असलेल्या बंदुकीने आत्महत्येचा धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

सगळं धरून पावणेदोन लाखांची तयारी नसेल तर माझा सल्ला थांबण्याचा आहे. रोकड घरी न नेता दिवसातून दोनदा बँकेत भरा, येण्याजाण्याची वेळ आणि रस्ता बदलत राहा, दुकानाला कॅमेरे बसवा, एकट्याने पैसे नेऊ नका, आणि धमकी आली तर 112 वर फोन करून लगेच लेखी तक्रार द्या. पुढे परवान्याचा अर्ज करायची वेळ आली तर हीच तक्रार तुमचा पहिला पुरावा ठरेल.